बुरशीचं नाव: कुठवर जायचं, कुठे थांबायचं

जुलै सरत आला की पंजाबातल्या खरडच्या आसपासच्या बासमतीच्या शेतांत काही रोपं बाकीच्यांच्या डोक्यावरून वर निघालेली दिसतात. काडी बारीक, पानं फिकट, उंची वीतभर जास्त. पंजाबात याला ‘झंडा रोग’ म्हणतात, आणि बांधावरून नजर टाकली की नाव पटतं. उंच झालेलं रोप जोमदार वाटतं, पण ते बहुतेक वेळा लोंबी येण्याआधीच वाळतं. तगलंच तर लोंबीत दाणा भरत नाही. उपटून बघा: वरच्या पेरांनाही मुळं फुटलेली असतात, आणि बुडाजवळ पांढरट-गुलाबी बुरशी धरलेली असते.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांची या बुरशीशी ओळख वेगळ्या वाटेनं झालेली आहे. थॉमसनच्या घडाचे मणी लांबवायला जे जी.ए. वापरतात, ते जिबरेलिक ॲसिड कारखान्यात याच बुरशीला आंबवून काढतात. 1926 साली तैवानमध्ये काम करणाऱ्या कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञानं दाखवलं की, बुरशी गाळून काढलेल्या नुसत्या पाण्यानंही भाताची रोपं अशीच ताडमाड वाढतात. 1935 मध्ये याबुतांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिलं. म्हणजे खरडला जो रोग, तोच पिंपळगावला बाटलीत विकत मिळतो.

आता ते उपटलेलं रोप प्रयोगशाळेत आणलं, बुरशी वाढवली. पाकिटावर नाव काय लिहायचं? जुन्या नोट्स वाचून आलेला विद्यार्थी ‘फ्युजेरियम मोनिलिफॉर्मी’ लिहितो. नवा विद्यार्थी डीएनएचा एक तुकडा वाचून घेतो, संगणकावर जुळवतो आणि यादीत सर्वांत वर आलेलं नाव उतरवतो. पहिल्यानं लिहिलेलं नाव आता मोडीत निघालं आहे. दुसऱ्याचं नाव बरोबर असेलही, पण त्याच्याकडे त्याचा पुरावा नाही. खरड, घरुआँ, मोहाली, चंदीगड या पट्ट्यात कृषी किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींसाठी, आणि गावाकडे कृषी सेवा केंद्र किंवा स्वतःची बाग सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सांगायचं एवढंच की वर्गीकरण बाहेरून आत जात करायचं असतं, आणि पुरावा जिथे संपतो तिथेच नाव थांबवायचं असतं.

आधी घर ओळखा, मग माणूस

जातीच्या नावापर्यंत जायची घाई सगळ्यांनाच असते. पण शेतकऱ्याचे पैसे वाचतात ते बरेचदा पहिल्याच पायरीवर: समोर दिसतं ती मुळात बुरशी आहे का?

द्राक्षाचं उदाहरण घ्या. भुरी आणि केवडा हे दोन्ही पानावर पांढरे दिसतात. भुरीची बुरशी (एरिसिफी नेकेटर, जुन्या पुस्तकांतली अन्सिन्युला) खरी बुरशी आहे. केवड्याचा प्लास्मोपारा व्हिटिकोला मात्र बुरशीच्या कुळातलाच नाही. तो ऊमायसीट, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांच्या नात्यातला. त्याच्या पेशीभिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं. खऱ्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. बुरशीच्या पडद्याला लागणारं अर्गोस्टेरॉल तो स्वतः तयार करत नाही, म्हणून ते तयार होणं रोखणारी ट्रायझोल गटातली औषधं केवड्यावर वाया जातात. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही. मेटॅलॅक्झिल केवड्यावर चालतं, भुरीवर अजिबात नाही. बटाट्याचा उशिराचा करपा, ज्याला पंजाबात ‘पछेता झुलस’ म्हणतात, तोही याच ऊमायसीटच्या गोतावळ्यातला.

बागेतच फरक कळतो. भुरी पानाच्या वरच्या बाजूलाही असते, बोटानं पुसली की राखेसारखी निघते. केवड्याचे वर तेलकट पिवळे डाग, आणि त्याच डागांच्या बरोबर खाली, पानाच्या पाठीमागे, दमट सकाळी पांढरी लव. मायक्रोस्कोपखाली तर वादच उरत नाही. भुरीचे बीजाणू दांड्यावर एकावर एक रचलेले, पिंपांच्या साखळीसारखे. केवड्याचा दांडा पानाच्या रंध्रातून बाहेर येतो आणि झाडासारखा फांद्या फोडतो, फांद्या जवळजवळ काटकोनात, टोकांना लिंबाच्या आकाराच्या पिशव्या.

खऱ्या बुरशींतही घर ओळखण्याचा उपयोग असाच रोकडा आहे. कांद्यावरचा जांभळा करपा अल्टर्नेरिया पोराय या बुरशीमुळे येतो. अल्टर्नेरिया, स्टेम्फिलियम आणि त्यांच्या भाऊबंदांवर कार्बेन्डाझिम गटाचा निसर्गतःच परिणाम होत नाही. ती बुरशी औषधाला सरावली म्हणून नव्हे, पहिल्यापासूनच. तरीही ‘करपा आहे, बाविस्टिन मारा’ हे वाक्य बाजारात रोज ऐकू येतं, आणि बाविस्टिन म्हणजे कार्बेन्डाझिमच. इथे जातीचं नावसुद्धा लागत नाही. जीनस कळलं तरी फवारणी बदलते.

नमुना: कागद, प्लास्टिक नव्हे

नमुना प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिवसभर मोटरसायकलच्या डिकीत ठेवला की संध्याकाळपर्यंत त्यावर जी बुरशी येते ती रोगाची नसते, पिशवीची असते. वर्तमानपत्रात गुंडाळा, मग कागदी पाकिटात घाला. पाकिटावर पीक, वाण, गाव, तारीख, कोणता भाग, आणि शेवटची फवारणी कधी व कशाची, हे तिथेच बांधावर पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई ओलीत पसरते. जमलं तर गाव नुसतं न लिहिता मोबाइलवरचे अक्षांश-रेखांशही टिपा. ‘खरडजवळ’ एवढ्यावर पाच वर्षांनी कोणालाही ते शेत सापडणार नाही.

अगदी मेलेला भाग आणू नका. मेलेल्या पानावर क्लॅडोस्पोरियम, अल्टर्नेरिया अल्टरनाटा, रायझोपस असे फुकटे पाहुणे पहिल्यांदा येऊन बसतात आणि प्लेटवरही तेच पहिल्यांदा पसरतात. डागाची कड, जिथे रोगट भाग संपून निरोगी सुरू होतो, तिथले चारपाच मिलिमीटरचे तुकडे कापा. एक टक्क्याच्या आसपासच्या सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिट-दोन मिनिटं बुडवा, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा, गाळणकागदावर कोरडे करा आणि मग प्लेटवर ठेवा. धुणं कमी पडलं तर पृष्ठभागावरच्या बुरशा वाढतात. जास्त झालं तर आतली खरी बुरशीही मरते. पातळ पानाला मिनिटभर पुरे, भाताच्या कांड्याला थोडं जास्त.

झंडा रोगासाठी बुडाजवळचं पेर घ्या. पान घेऊन काही उपयोग नाही.

प्लेट बघायची, हुंगायची नाही

बटाटा-डेक्स्ट्रोजचं माध्यम, म्हणजे पीडीए, सगळीकडे असतं: लिटरभर पाण्याला 200 ग्रॅम बटाट्याचा अर्क, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज, 20 ग्रॅम आगर. वसाहतीचा रंग, कापसासारखी वाढ, प्लेटच्या पाठीमागचा रंग बघायला ते उत्तम. पण ते इतकं सकस असतं की फ्युजेरियम त्यावर नुसतं फुगतं, रंग सोडतं आणि बीजाणूंचा आकार बिघडवतं. म्हणून फ्युजेरियमसाठी दुसरं माध्यम ठेवावं लागतं: कार्नेशनच्या पानांचे निर्जंतुक तुकडे घातलेलं साधं आगर, किंवा निरेनबर्गबाईंनी सुचवलेलं एसएनए हे मुद्दाम उपाशी ठेवणारं माध्यम. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमची तुलना झापेक आणि माल्ट आगरवर, 25 अंशांवर, सात दिवसांनी करतात. तापमान आणि दिवस वेगळे ठेवले तर पुस्तकातल्या वर्णनाशी तुमची प्लेट कधीच जुळणार नाही, आणि चूक बुरशीची नसेल.

काही ट्रायकोडर्मांना खोबऱ्यासारखा वास येतो, हे खरं आहे. तो शोधायला म्हणून झाकण काढून नाक लावणारे महाभाग प्रत्येक प्रयोगशाळेत निघतात. ॲस्परजिलसच्या प्लेटवर लाखो बीजाणू असतात आणि ते छातीत जातात. दमा असेल तर मास्क लावा, प्लेट टेपनं बंद ठेवा, आणि काम झालं की ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

काचपट्टी करताना आधी 70 टक्के अल्कोहोलचा थेंब, तो उडत आला की लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू. आधी अल्कोहोल घातलं नाही तर बीजाणूंच्या झुबक्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि नवशिका बुडबुड्यांचीच मापं घेत बसतो. पानावरची भुरी पारदर्शक सेलोटेपनं उचलून सरळ काचपट्टीवर चिकटवता येते. ही युक्ती शाळेतल्या मुलालाही जमते. लॅक्टोफिनॉलमध्ये फिनॉल असतं, हाताला लागू देऊ नका.

मापं एका सुंदर बीजाणूची घेऊ नका. निदान तीस मोजा आणि कमीतकमी-जास्तीतजास्त लिहा.

जीनसपर्यंतची वाट

इथे भराभर जाता येतं. तंतूंना आडवे पडदे नाहीत आणि टोकाला गोल पिशवीत बीजाणू: म्युकर, रायझोपस. रायझोपसला दांड्याच्या बुडाशी मुळांसारखे तंतू असतात. दांड्याचं टोक फुगलेलं आणि त्यावर सगळीकडून बाटल्यांसारख्या फियालाइड पेशी: ॲस्परजिलस. टोक न फुगता कुंचल्यासारखं: पेनिसिलियम. हिरवी गादी, आणि दांड्याच्या फांद्या ख्रिसमसच्या झाडासारख्या खाली रुंद वर अरुंद: ट्रायकोडर्मा. होडीसारखे वाकलेले, पडदे असलेले रंगहीन बीजाणू, बुडाशी टाचेसारखी पेशी: फ्युजेरियम. तपकिरी, उभे-आडवे पडदे आणि पुढे चोच: अल्टर्नेरिया. तपकिरी, आडवेच पडदे, मधली एक पेशी फुगल्यामुळे वाकलेले: कर्व्ह्युलेरिया.

कांद्याच्या पातीवर एक गोंधळ नेहमी होतो. जांभळा करपा आणि स्टेम्फिलियमचा करपा शेतकऱ्याला एकच. दोघांचेही बीजाणू उभ्या-आडव्या पडद्यांचे. अल्टर्नेरिया पोरायला लांब, निमुळती चोच असते, बीजाणूच्या धडाइतकी किंवा त्याहून लांब. स्टेम्फिलियमला चोच नाही, आणि त्याचा दांडा टोकाला गाठीसारखा फुगतो, त्यातूनच पुन्हा वाढतो, पुन्हा फुगतो. चोच शोधण्याआधी दांडा शोधा. तो तुटून पडत नाही.

बीजाणूंचा रंग आणि पडदे यांवरून बुरशा लावायची ही रीत 19व्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या सक्कार्दो यांनी बसवली. 1953 साली ह्यूज यांनी म्हटलं की बीजाणू दिसतो कसा यापेक्षा तो दांड्यावर जन्मतो कसा हे बघा. डीएनए आल्यावर ह्यूज यांच्या बाजूनं बराच कौल गेला, पण कपाटातली जुनी पुस्तकं अजून सक्कार्दोच्याच चौकटीत आहेत. ती टाकून देऊ नका. बार्नेट आणि हंटर यांचं सचित्र जीनसचं पुस्तक जवळ ठेवा. जीनसपर्यंत पोचायला ते अजूनही पुरतं.

फ्युजेरियम: जिथे घाम फुटतो

झंडा रोगाकडे परत येऊ, कारण वर्गीकरणाची खरी परीक्षा इथे आहे. 1935 साली वोलेनवेबर आणि राइनकिंग यांनी फ्युजेरियमच्या 65 जाती मांडल्या. पुढच्या दशकात स्नायडर आणि हॅन्सन यांनी त्यांच्या नऊ करून टाकल्या. विद्यार्थी सुखावले, पण नऊच्या पोटात बऱ्याच वेगळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या. त्या कोंबाकोंबीत ‘मोनिलिफॉर्मी’ हे नाव भातावर, मक्यावर, उसावर सरसकट लागत राहिलं. आता मक्यावरची प्रमुख जाती फ्युजेरियम व्हर्टिसिलिऑयडिस आणि भाताच्या झंडा रोगाची फ्युजेरियम फुजिकुरोय आहे. या दोन्ही नावांना 1976 साली निरेनबर्ग यांनी आजचं रूप दिलं. उसाच्या पोंग्यावरची फ्युजेरियम सॅकराय ही तिसरीच.

मायक्रोस्कोपखाली काय बघायचं? प्लेट न हलवता, झाकण काढून, दहाच्या ऑब्जेक्टिव्हखाली वसाहतीची कड बघा. काचपट्टी केली की लहान बीजाणूंच्या साखळ्या तुटतात आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण निघून जाते. साखळ्या लांब, आणि दांड्याच्या प्रत्येक फियालाइडला एकच तोंड असेल तर व्हर्टिसिलिऑयडिसकडे झुका. साखळ्यांबरोबर बीजाणूंचे ओले गोळेही असतील आणि काही फियालाइडना दोन-तीन तोंडं दिसली, तर फुजिकुरोय किंवा प्रोलिफेरॅटम. साखळ्या मुळीच नाहीत, फियालाइड आखूड, नुसते गोळे, आणि जुन्या प्लेटवर जाड भिंतीचे क्लॅमिडोस्पोर: ऑक्झिस्पोरम. फियालाइड चांगलेच लांब: सोलानाय.

फुजिकुरोय आणि प्रोलिफेरॅटम डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला कशावरून ते विचारा. झंडा रोगाच्या रोपांतून दोन्ही निघतात, कधी व्हर्टिसिलिऑयडिसही. त्यांतली रोप उंच करणारी फुजिकुरोयच, कारण जिबरेलिन भरपूर तयार करणारी तीच. म्हणून मायक्रोस्कोपवर थांबणाऱ्यानं ‘फ्युजेरियम फुजिकुरोय जातिसमूह’ असं लिहावं. हे नाव कमी दिसतं, पण खोटं नसतं. बियाणं प्रक्रियेचा निर्णय घ्यायला तेवढं पुरतं, कारण रोग बियाण्यातून येतो हे समूहाच्या नावावरूनही कळतं.

पुढे जायचं असेल तर आधी एका बीजाणूपासून शुद्ध वसाहत वाढवा. हे टाळणाऱ्याच्या प्लेटवर दोन जाती शेजारी नांदत असतात, आणि मग जुळणारा डीएनए कोणाचा हे देवालाच ठाऊक. त्यानंतर निरोगी बियाण्याला लागण करून रोप उंच होतं का बघा, आणि त्याच रोपातून तीच बुरशी परत काढा. कॉख यांच्या कसोट्या जुन्या आहेत म्हणून त्या टळत नाहीत.

पिकावरून नाव नको, पण पीक विसरूही नका

हरभऱ्याचा मर रोग, केळीचा पनामा, कापसाचा मर: तिन्हींची बुरशी फ्युजेरियम ऑक्झिस्पोरम. मायक्रोस्कोपखाली तिघी सारख्या. फरक फक्त कोणतं पीक मारते यात, म्हणून नावापुढे एक शेपूट लावतात: हरभऱ्याला सायसेरिस, केळीला क्युबेन्स, कपाशीला व्हॅसइन्फेक्टम. हे शेपूट दिसण्यावरून लावता येत नाही. रोप लावून, लागण करूनच लावता येतं. हरभऱ्याच्या सायसेरिसमध्येही हवारे आणि नेने यांनी 1982 साली भारतातल्या चार रेस दाखवल्या. रेस ठरवायला ठरावीक वाणांचा संच लावावा लागतो. वाण निवडणाऱ्या पैदासकाराला ती रेस कळणं गरजेचं आहे. औषधाच्या दुकानदाराला नाही.

उलट चूकही होते. हरभऱ्याच्या मेलेल्या मुळातून फ्युजेरियम निघालं म्हणून ते सायसेरिसच, असं धरलं जातं. मातीत निरुपद्रवी ऑक्झिस्पोरम ढिगानं असतात.

डीएनए: कोणता तुकडा आणि किती विश्वास

2012 पासून बुरशींचा अधिकृत बारकोड म्हणून आयटीएस हा डीएनएचा तुकडा मानला जातो. तो वाचून घेणं आता सोपं आहे. पण वनस्पतींवरच्या ज्या बुरशी आपल्याला सर्वांत जास्त भेटतात, त्यांत आयटीएस अनेकदा जीनस किंवा समूहापर्यंतच नेतो. फ्युजेरियम आणि ट्रायकोडर्मासाठी टीईएफ-1 घ्या. ॲस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिन, पेनिसिलियमसाठी बीटा-ट्युब्युलिन. कोलेटोट्रायकमला एक जनुक पुरत नाही. ज्याला आपण आंब्यावर, द्राक्षावर, मिरचीवर वर्षानुवर्षं ‘ग्लोइओस्पोरिऑयडिस’ म्हणत आलो, त्या समूहाच्या 2012 साली 22 जाती मांडल्या गेल्या.

चाळीतल्या कांद्यावरची काळी बुरशी बघा. लासलगावच्या व्यापाऱ्यापासून पदवीधरापर्यंत सगळे तिला ॲस्परजिलस नायजर म्हणतात. पण नायजर, वेलविट्शिए आणि ट्युबिंजेन्सिस या काळ्या जाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करता येत नाहीत. कॅल्मोड्युलिन वाचलेलं नसेल तर ‘ॲस्परजिलस, नायग्राय विभाग’ लिहा आणि थांबा. निर्यातीत विषद्रव्यांचा प्रश्न निघाला तर मात्र तेवढ्यावर थांबता येणार नाही, कारण या भावंडांपैकी काही फ्युमोनिसिन करतात आणि काही नाही.

जुळवणीच्या यादीत सर्वांत वरचं नाव म्हणजे उत्तर नव्हे. जेनबँक या डीएनए अनुक्रमांच्या साठ्यात ज्यानं अनुक्रम टाकला, त्यानं जे नाव दिलं तेच तिथे असतं. ते तपासायला कोणी बसलेलं नसतं. यादीत ज्यांचे नमुने टाइप स्ट्रेनचे, म्हणजे जातीचं मूळ वर्णन ज्यावरून झालं त्याचे आहेत, तेवढेच निवडा आणि त्यांच्याशी जुळवा. 99 टक्के जुळलं म्हणून नाचू नका. फ्युजेरियमच्या आयटीएसमध्ये वेगवेगळ्या जातीही तेवढ्या जुळतात.

बदललेली नावं

बुरशांना बरेचदा दोन नावं असत: एक लैंगिक अवस्थेचं, एक बुरशीसारख्या दिसणाऱ्या अलैंगिक अवस्थेचं. झंडा रोगाची बुरशी एकीकडे जिबरेला, दुसरीकडे फ्युजेरियम. 2011 साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसनं ही पद्धत बंद केली: एक बुरशी, एक नाव. 1 जानेवारी 2013 पासून नव्या नावाला मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या नोंदवहीतला क्रमांकही सक्तीचा झाला. भाताच्या तपकिरी ठिपक्याची बुरशी हेल्मिंथोस्पोरियम, मग ड्रेश्लेरा, आता बायपोलारिस ओरायझी. 1943 च्या बंगालच्या दुष्काळावरचे लेख वाचताना पहिलं नाव भेटेल, नव्या लेखांत तिसरं. बुरशी तीच.

जुनं साहित्य वाचताना हे लक्षात ठेवा. 1935 सालची उप्पल, पटेल आणि कामत यांची मुंबई इलाख्यातल्या बुरशींची यादी अजूनही उपयोगी आहे. कोणत्या जिल्ह्यात कोणत्या झाडावर काय सापडलं हे तिथे मिळतं. फक्त प्रत्येक नाव आज इंडेक्स फंगोरममध्ये टाकून बघा आणि चालू नाव शेजारी लिहा. जुनं नाव खोडू नका. उद्या ते पुन्हा वर आलं तर दुवा तुटायला नको.

औषधाच्या पुड्यांवरही हा गोंधळ आहे. ‘ट्रायकोडर्मा व्हिरिडी’ म्हणून विकले जाणारे अनेक स्ट्रेन प्रत्यक्षात ट्रायकोडर्मा अ‍ॅस्परेलम किंवा तिच्या जवळच्या जातींचे निघाले आहेत. अ‍ॅस्परेलमचं वर्णनच 1999 साली झालं, तेव्हा त्याआधीच्या लेबलांना दोष देता येत नाही. 2022 साली पंजाब सरकारनं बासमतीसाठी दहा औषधांवर हंगामापुरती बंदी घातली, त्यात कार्बेन्डाझिम होतं. तेव्हापासून झंडा रोगाला बियाणं आणि रोपांची मुळं ट्रायकोडर्मात बुडवणं याला जास्त महत्त्व आलं आहे. पुडी विकत घेताना नावापेक्षा उत्पादनाची तारीख, स्ट्रेनचा क्रमांक आणि दुकानातली साठवण बघा. उन्हात ठेवलेल्या पुडीत जातीचं नाव बरोबर असलं तरी जिवंत बीजाणू नसतात.

कुठे द्यायचं

खरडहून चंदीगड जवळच. सेक्टर 39-ए मध्ये सीएसआयआरची इमटेक, आणि तिथे 1986 पासूनचा एमटीसीसी हा सूक्ष्मजीवांचा संग्रह. तो 2002 पासून बुडापेस्ट करारानुसार पेटंटसाठी नमुने ठेवून घेणारं आंतरराष्ट्रीय ठिकाणही आहे. महाराष्ट्रात पुण्याला आघारकर संशोधन संस्था. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी 1946 साली सुरू केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचं हे आजचं नाव. तिथे बुरशींचा राष्ट्रीय संवर्धन संग्रह आणि अजरेकर कवक वनस्पतिसंग्रहालय आहे. जिवंत वसाहत संग्रहात आणि वाळवलेला रोगट नमुना संग्रहालयात, दोन्ही द्या. नुसती जिवंत वसाहत काही वर्षांनी बदलते किंवा मरते. वाळवलेलं कांडं तसंच राहतं. दिल्लीला भारतीय कृषी संशोधन संस्थेत आयटीसीसी हा बुरशींचा संग्रह आहे, आणि कवकशास्त्रज्ञ बटलर यांनी बिहारमधल्या पुसाला सुरू केलेला जुना संग्रहही तिथेच आहे.

नवी जाती सापडली असं वाटलं तर नमुना जमा करणं ही सक्ती आहे. जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 प्रमाणे नव्या जातीची माहिती आणि नमुना नेमलेल्या संग्रहाला द्यावाच लागतो. (कलम 39 आणि सेक्टर 39 हा योगायोग तोंडी परीक्षेत लक्षात ठेवायला बरा.)

ओळख करून देण्याचं काम या संस्था शुल्क घेऊन करतात. अर्ज आणि दर बदलत असतात, म्हणून आधी संकेतस्थळावरचा चालू अर्ज उतरवून घ्या. पाठवायची ती शुद्ध वसाहत, स्क्रू-कॅपच्या नळीत तिरक्या आगरवर, पाच-सहा दिवसांची. प्लेट पाठवू नका, वाटेत झाकण सरकतं. कुरिअरआधी नळीवर पॅराफिल्म, बाहेर कापूस, मग डबा. अर्जात यजमान पीक, ठिकाण, तारीख आणि तुम्ही स्वतः कुठवर पोचलात ते लिहा: ‘फ्युजेरियम फुजिकुरोय समूह, साखळ्या आणि गोळे दोन्ही, अनेक तोंडांचे फियालाइड, क्लॅमिडोस्पोर नाहीत, टीईएफ-1 केलेलं नाही’. एवढ्या एका ओळीनं तपासणाऱ्याचं अर्धं काम होतं. तीच ओळ तुमच्याकडे ठेवायच्या नळीवरही लिहा, आणि ती नळी त्यांचं उत्तर येईपर्यंत फ्रिजमधून हलवू नका.